तुम्ही विचारलंत म्हणून : लांबणारा खटला आणि ज्यूरीतली माणसे

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला आज ना उद्या टपालाने ज्यूरीचे (म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांत बसण्याचे) समन्स येते, आणि मी एका खुनाच्या खटल्यात ज्यूरीवर बसून आले आहे हे आमच्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे त्यानंतरचा फोन मला येतो. प्रश्न साधारण ठरलेला असतो : खटला एखाद्या गाजलेल्या खुनाचा निघाला तर आपण किती दिवस अडकणार, आणि ही मंडळी तो इतका लांबवतात तरी कशाला? पुण्याला गेले की हाच प्रश्न उलट्या अंगाने येतो. आपल्याकडे खटले वर्षानुवर्षे रखडतात आणि अमेरिकेत मात्र महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागतो, असे तिथल्या नातेवाइकांनी धरूनच ठेवलेले असते. तुम्ही दोन्ही प्रश्न एकाच पत्रात विचारलेत, म्हणून सवडीने लिहिते आहे.

मुळात अमेरिकेतही खून झाला आणि लगेच खटला उभा राहिला असे होत नाही. अटकेपासून सुनावणीपर्यंत वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ सहज जातो. फरक आहे तो त्याच्या पुढचा. भारतात खटला तारखांवर चालतो. साक्षी सुरू झाल्या की सुनावणी रोज व्हावी असे कायदा सांगत असला, तरी प्रत्यक्षात आज एक साक्ष आणि कित्येक आठवड्यांनी दुसरी असेही चालून जाते, कारण साक्ष कागदावर उतरलेली असते आणि न्यायाधीशांची बदली झाली तरी तो कागद पुढच्या न्यायाधीशांना वाचता येतो. ज्यूरीपुढच्या खटल्यात ही सोय नाही. बारा माणसांनी समोर बसून जे ऐकले आणि पाहिले तेवढेच निकालात धरायचे असल्यामुळे, त्यांनी एकदा शपथ घेतली की खटला सलग चालवावाच लागतो. शपथेआधी गेलेला वेळ आरोपीचा, मृताच्या घरच्यांचा आणि वकिलांचा असतो. शपथेनंतर वाया जाणारा प्रत्येक तास मात्र अशा माणसांचा असतो, ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नाही आणि ज्यांना तारखा ठरवताना कोणी विचारलेले नाही. एखाद्या खटल्याचे वेळापत्रक चांगले आखले होते की वाईट, हे मी एवढ्यावरच ठरवते : वकिलांचे वाद शपथेआधी निकालात काढले, की ज्यूरीला ताटकळत ठेवून.

ताटकळत ठेवण्याचे सगळ्यांत ठळक उदाहरण अजूनही ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूच्या खटल्याचेच आहे. १२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागात त्याची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन सिम्पसन आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांचे खून झाले आणि आरोप सिम्पसनवर आला. कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीला, त्याने स्वतः हक्क सोडला नाही तर, आरोपांना उत्तर दिल्यापासून साठ दिवसांत खटला सुरू होण्याचा हक्क असतो, आणि सिम्पसनच्या वकिलांनी तो सोडला नाही. त्यामुळे २६ सप्टेंबरला ज्यूरीची निवड सुरूही झाली. कागदावर हे फार कार्यक्षम दिसते. पण एवढ्या घाईत कोणता पुरावा ज्यूरीपुढे येऊ द्यायचा यावरचे वाद मिटलेलेच नव्हते, आणि ते मिटवण्याचे काम ज्यूरीच्या वेळेत होऊ लागले. बारा सदस्य आणि बारा राखीव सदस्य यांना ११ जानेवारी १९९५ पासून घरादारापासून तोडून हॉटेलात ठेवण्यात आले. सरकारी पक्षाचे प्रास्ताविक भाषण त्यांच्या कानांवर पडले ते २४ जानेवारीला. मधल्या काळात वकील कोर्टात, आरोपीने पत्नीला पूर्वी केलेल्या मारहाणीचा पुरावा आणता येईल की नाही, यावर वाद घालत होते. तो वाद ख्रिसमसच्या आधी, ही चोवीस माणसे आपापल्या घरी असताना, का ऐकला गेला नाही, हे मला कधीच समजलेले नाही.

पुढे जे झाले ते जगाने टीव्हीवर पाहिले, फक्त ज्यूरीने पाहिले नाही. वर्तमानपत्रातल्या खटल्याच्या बातम्या कापून उरलेले पान त्यांच्या हाती येई. फोनवर बोलताना शेरीफच्या (परगण्याच्या पोलिसांच्या) खात्यातला माणूस ऐकत असे. नवऱ्याने किंवा बायकोने भेटायला यायचे ते नेमून दिलेल्या वेळी. न्यायाधीश लान्स इटो यांनी त्यांना कॅटालिना बेटावर सहलीला वगैरे पाठवले, पण सहलीलाही पहारेकरी बरोबरच. या सगळ्याचे मानधन होते दिवसाला ५ डॉलर. एप्रिलमध्ये पहाऱ्यावरच्या तीन डेप्युटींना तिथून हलवले, तेव्हा ज्यूरीतल्या बहुतेकांनी निषेध म्हणून काळे कपडे घातले आणि त्या दिवशी साक्ष झालीच नाही. एकेक करून दहा जण वेगवेगळ्या कारणांनी ज्यूरीतून काढले गेले आणि बारा राखीवांपैकी शेवटी दोनच उरले. आणखी तिघे गेले असते तर दोन्ही पक्षांना अकरा जणांवर भागवण्याची तडजोड तरी करावी लागली असती, नाहीतर सगळा खटला पुन्हा पहिल्यापासून.

ऑगस्टच्या अखेरीस पोलीस अधिकारी मार्क फर्मन याच्या वर्णद्वेषी बोलण्याच्या ध्वनिफिती समोर आल्या. त्या भर न्यायालयात वाजवल्या गेल्या, साऱ्या देशाने ऐकल्या, त्यांवर किती दिवस वादविवाद झाला, आणि त्या सगळ्या काळात ज्यूरी बाहेर बसून होती. अखेर त्यांना त्यातले दोनच लहान उतारे ऐकवण्यात आले. २ ऑक्टोबरला विचारविनिमयासाठी दार बंद झाल्यावर ज्यूरीने चार तासांच्या आत निर्दोष असा निर्णय केला आणि तो ३ तारखेला जाहीर झाला. इतक्या महिन्यांचा पुरावा इतक्या थोड्या वेळात कसा तोलला, असे लोक आजही हिणवून विचारतात. केवळ घरी जायच्या घाईने निकाल दिला असे म्हणणे त्या बारा जणांवर अन्याय करणारे आहे; सरकारी पक्षाच्या पुराव्यावर शंका घ्यायला त्यांना कारणे मिळाली होती. पण २६५ दिवस ज्यांना कोंडून ठेवले त्यांनी आणखी आठ दिवस शांतपणे चर्चा करावी, अशी अपेक्षा धरणाऱ्यांचे मला नवल वाटते.

आता तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. वेळापत्रक लांबले की ज्यूरीत कोण बसणार हेही बदलते. आमच्या जिल्ह्याच्या न्यायालयात निवडीच्या पहिल्या दिवशी न्यायाधीशांनी मोठ्या दालनात सांगितले की हा खटला थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यापर्यंत चालेल, आणि ज्यांना इतके दिवस थांबणे खरोखर अशक्य आहे त्यांनी अडचणीचा फॉर्म भरावा. फॉर्म घ्यायला जी रांग लागली तिच्यात कोण होते ते मी पाहत होते : रंगकाम करणारा, घरी तान्हे मूल असलेली, नेल सलॉन चालवणारी, आईला डायलिसिसला नेणारा. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी ज्यूरीच्या सदस्याला पहिला दिवस सोडून रोज १५ डॉलर मिळतात. समन्स आले म्हणून मालकाला नोकरीवरून काढता येत नाही, पण त्या दिवसांचा पगार द्यायला तो बांधील नाही. त्यामुळे रांग संपल्यावर खुर्च्यांवर उरलो ते सरकारी नोकर, मोठ्या कंपन्यांतले लोक आणि निवृत्त मंडळी. मी शाळांच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते, माझा पगार चालू राहणार होता (आणि म्हणून ते १५ डॉलरही मिळणार नव्हते), तेव्हा सबब नव्हती. समाजातल्या सगळ्या थरांतून ज्यूरी निवडावी असे तत्त्व सांगितले जाते. सहा आठवड्यांच्या तारखा जाहीर झाल्या की त्यातला अर्धा समाज त्या रांगेतूनच घरी जातो.

तरीही जी एकदोन माणसे हिमतीने राहतात त्यांचे काय होते तेही पाहिले. आमच्यातली एकजण रात्री कार्यालये झाडण्याचे काम करी. दिवसभर साक्षी ऐकून ती संध्याकाळी कामावर जाई आणि सकाळी पुन्हा नऊच्या ठोक्याला हजर. न्यायालयातल्या खोलीत एक लांब टेबल, कॉफीचे यंत्र आणि निम्मे तुकडे हरवलेले जिगसॉचे खोके. वकिलांना कायद्याचा मुद्दा काढायचा असला की आम्हाला उठवून त्या खोलीत धाडायचे. 'पाच मिनिटे' असे बेलिफ (न्यायालयाचा शिपाई) सांगे आणि ती पाऊण तासाची होत. वह्या खुर्चीवर ठेवून यायच्या, खटल्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, मग उरते काय, तर मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी आणि कोणाच्या परसात काय उगवते ते. ती बाई टेबलावर डोके टेकून झोपायची आणि आम्ही सगळे आवाज खाली आणायचो. (साउथ कॅरोलायनातला वकील अॅलेक्स मर्डॉक याच्यावरच्या बायको-मुलाच्या खुनाच्या खटल्यात २०२३ साली अगदी शेवटच्या दिवशी एका सदस्येला ज्यूरीतून काढले, तेव्हा आतल्या खोलीतून तिला आपली पर्स आणि डझनभर अंडी न्यायची होती, दुसऱ्या कोणीतरी ती सगळ्यांसाठी आणली होती. सगळे हसले. मला मात्र ती खोली लगेच ओळखीची वाटली.)

ही झळ कमी करण्याचे दोन परस्परविरुद्ध उपाय मी पाहिले आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. आमच्या न्यायाधीशांनी दर शुक्रवारी ज्यूरीला बोलावले नाही. त्या दिवशी वकिलांचे वाद ऐकायचे आणि आम्ही आपापल्या कामावर जायचे. खटला त्यामुळे आठवडाभराने तरी लांबला, पण तो एक दिवस मिळाला म्हणून ती बाई टिकली. याच्या नेमके उलट २०११ साली फ्लोरिडात केसी अँथनीच्या खटल्यात झाले. दोन वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आरोप आईवर होता आणि ऑरलँडोत त्याविषयी काहीच न ऐकलेला माणूस सापडणे कठीण, म्हणून न्यायाधीश बेल्विन पेरी यांनी ज्यूरी पिनेलस परगण्यातून निवडून आणली आणि तिला ऑरलँडोच्या हॉटेलात ठेवले. मग त्यांनी शनिवारीही न्यायालय भरवले. २४ मे रोजी प्रास्ताविक भाषणे झाली, ४ जुलैच्या राष्ट्रीय सुट्टीलाही ज्यूरी विचारविनिमयाला बसली आणि ५ जुलैला निकाल लागला. खुनाच्या आरोपातून ती सुटली. निकाल लोकांना आवडला नाही, पण वेळापत्रकाबद्दल पेरींना पूर्ण गुण द्यायला हवेत. ज्यूरी रात्री घरी जात असेल तर सुट्टीचा दिवस हा तिला दिलासा असतो. तिला कोंडून ठेवले असेल तर तोच दिवस हॉटेलातली आणखी एक रात्र ठरतो.

काही वेळा कोणाचेच काही चालत नाही. लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट डर्स्ट या धनाढ्य घराण्यातल्या माणसावर त्याची मैत्रीण सुसान बर्मन हिच्या खुनाचा खटला मार्च २०२० मध्ये उभा राहिला, थोड्याच दिवसांत कोविडमुळे थांबला आणि मे २०२१ मध्ये, चौदा महिन्यांनी, त्याच ज्यूरीपुढे पुन्हा सुरू झाला. निकाल सप्टेंबरात लागला, दोषी असा. चौदा महिने टाळेबंदीत घरी बसलेल्या माणसांनी, समोर टीव्ही असताना, त्या गाजलेल्या आरोपीबद्दल काही वाचायचे नाही, पाहायचे नाही आणि घरच्यांशीही बोलायचे नाही. हॉटेलापेक्षा हे सोपे, असे मला वाटत नाही.

पुण्याच्या नातेवाइकांसाठी एवढेच, की हा प्रयोग आपल्याकडेही होऊन गेला आहे. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांची ज्यूरी बसली, महिनाभराच्या कामकाजानंतर २१ ऑक्टोबरला तिने आठ विरुद्ध एक असा निर्दोष कौल दिला, न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले आणि तिथे नानावटी दोषी ठरले. त्या नऊ जणांचे ते दिवस कोणत्या खात्यावर लिहायचे? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आज भारतात त्या धर्तीचे काही उरले असेल तर ते पारशी विवाहांच्या खटल्यांत न्यायाधीशांबरोबर बसणारे पारशी समाजातले प्रतिनिधी.

तुमच्या समन्सचे म्हणाल तर घाबरू नका. बहुतेक खटले काही दिवसांतच आटोपतात आणि बहुतेक लोक एका दिवसात परत येतात. तारीख अगदीच अडचणीची असेल तर पुढे ढकलून मागा, ती सहसा मिळते. दालनात लांबलचक तारखा ऐकायला मिळाल्या तर फॉर्ममध्ये 'कामे आहेत' असे मोघम लिहू नका, मालक किती दिवसांचा पगार देतो तो आकडा लिहा. न्यायाधीशांना तोच उपयोगी पडतो. आणि प्रश्न विचारायची संधी मिळाली तर शुक्रवारी ज्यूरीला सुट्टी आहे का ते विचारा. आमच्या वेळी ते एका निवृत्त पोस्टमनने विचारले होते, त्याला स्वतःला त्याची काही गरज नसताना.