न दिसणारा दोर

आठवीच्या स्नेहसंमेलनात मी एकट्याने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढली. रंगमंचावर ना होडी, ना जाळं, ना दोर. तोंडातून एक शब्दही काढायचा नव्हता.

आमच्या मालवणकडच्या माणसांचा कान दशावतारावर पोसलेला. तिथे लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतो आणि संकासुर मालवणीत बोलून हसवतो. त्या लोकांपुढे मुक्याने उभं राहायच्या विचारानेच माझी गाळण उडाली होती. चित्रकलेचे सर धीर द्यायला चॅप्लिनचं सांगत. 1927 ला बोलपट आला, तरी 1931 च्या चित्रपटातही त्याचा भटक्या बोलला नाही. फ्रेंच मूकनट मार्सेल मार्सो रंगमंचावर वाऱ्याविरुद्ध चालतो, हे ऐकून मात्र मला नवल वाटलं नाही. जूनमध्ये छत्री सांभाळत किनाऱ्याने शाळेत येणारी आम्ही सगळीच मुलं तसं चालत होतो.

सरांनी आधी खिडकीच्या गजाला सुंभ बांधून ओढायला लावलं. मग सुंभ सोडला आणि तेच पुन्हा. दोन मुठींमधलं अंतर बदललं की दोर तुटला! मूठ हवेत जिथे वळली तिथेच राहायची, अंग तिच्याकडे सरकायचं. हशा आला की थांबायचं. तो ओसरू लागला, पण संपला नाही, अशा वेळी पुढची हालचाल. हे शेवटचं मला घरी आरशासमोर कधीच जमलं नाही. त्याला समोर माणसं लागतात.

त्या रात्री मी दोराचं टोक प्रेक्षकांत फेकलं. कुणीच धरलं नाही. मी वाट पाहत राहिलो. मग मागून एका म्हाताऱ्या रापणकराचा आवाज आला, "अरे झिला, हातान नको, कंबरेन ओढ!" ते स्वतःच उठले, दोर कमरेला घेतला आणि एकेक पाऊल मागे जाऊ लागले. त्यांच्यामागे आणखी चौघे. दोर ताणला गेला, अगदी खरा. मी फरफटत रंगमंचाच्या कडेपर्यंत आलो. त्यांनी ढील दिली तसा पाठीवर आपटलो. मंडप हसून कोसळत होता आणि त्या पाचांपैकी एकाच्याही मुठींमधलं अंतर बदललं नव्हतं.

खेळ संपल्यावर ते आजोबा पडद्यामागे आले. हात पुढे करून म्हणाले, "माझो वाटो खंय?"

रापणीत दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतोच. मी न बोलता त्यांच्या ओंजळीत एक बांगडा ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, पंच्यात गुंडाळला आणि काखेत मारून घरी गेले.