मळलेली वाट

मळलेली वाट सोडून चालणाऱ्यांचं मराठीत भारी कौतुक. सत्कार समारंभातल्या भाषणात हे वाक्य हमखास येतं. सह्याद्रीच्या रानात मात्र मळलेली वाट सोडणाऱ्याला संध्याकाळी गावकऱ्यांनी बॅटऱ्या घेऊन शोधावं लागतं. इथे चौकशीतला पहिला प्रश्नच असतो, ‘वाट मळलेली आहे ना?’ ‘हो, चांगली मळलेली आहे’ असं उत्तर आलं की निम्मा घाट चढल्यासारखं वाटतं. नकारही ठरलेला आहे: ‘होती पूर्वी. आता मोडली.’

वाट मळते म्हणजे काय होतं आणि मोडते ती कशी, हे बघायला भीमाशंकरचं रान चांगलं. 1985 साली अभयारण्य झालेलं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं हे जंगल पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. मंदिरापर्यंत देशावरून डांबरी रस्ता येतो, त्यामुळे बहुतेकांना इथलं रान गाडीच्या काचेतूनच दिसतं. कोकणातून यायचं तर कर्जत तालुक्यातलं खांडस गाठायचं. तिथून वर जायला दोन वाटा, गणेश घाट आणि शिडी घाट. गणेश घाट लांबून, वळसे घेत, अंगाला फार न लावता चढतो. त्याला साधारण पाच-सहा तास धरावेत. शिडी घाट तोच चढ सरळ अंगावर घेतो, मध्ये कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत, आणि वेळ तीन-चार तासांवर येतो. दोन्ही वाटा पदरात एकमेकींना भेटतात. तिथे दम खायचा, चहा मिळाला तर घ्यायचा आणि मग दाट झाडीतून शेवटचा चढ.

हा ‘पदर’ म्हणजे डोंगराच्या कंबरेला असलेली सपाटी. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. थर सारखे टणक नाहीत. टणक थराचा उभा कडा राहतो, ठिसूळ थर झिजून मागे सरतो आणि तिथे पदर पडतो. म्हणून इथली कुठलीही घाटवाट बघा: चढ, सपाटी, पुन्हा चढ. कडा कुठे फुटलाय, नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ कुठे आहे, सोंड म्हणजे डोंगराची उतरती धार कुठून उतरली आहे, हे हेरूनच जुन्या माणसांनी वाटा काढल्या.

जनावरांच्या पाठीवर माल लादून ज्या घाटांतून ये-जा चालायची, त्या वाटा लांबलचक आणि नागमोडी. ओझ्याखालच्या बैलाला थेट चढ झेपत नाही, हे साधं कारण. पण या नागमोडीपणात आणखी एक शहाणपण दडलंय, ते पाण्याचं. पावलांनी माती दाबली जाते, दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मग ते वाटेवरूनच वाहू लागतं. वाट उताराच्या सरळ रेषेत असेल तर चार पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो. माती जाते, मुरूम उघडा पडतो, मोठे दगड सुटे होतात आणि त्याचा घसारा बनतो. वाट बांधणारे एक हिशेब धरतात: डोंगरउताराला जेवढा तीव्रपणा, त्याच्या निम्म्याहून जास्त वाटेला नको. त्यापेक्षा उभी वाट झाली की पाणी तिला आडवं ओलांडून जाण्याऐवजी तिच्यातूनच पळतं. शिवाय वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे पाणी बाहेर पडतं. जिथे हे जमत नाही तिथे आडवे दगड लावायचे, पण वाटेला काटकोनात नाही, तिरके. काटकोनातल्या दगडामागे गाळ साचतो आणि पुढच्या सरीत पाणी दगडावरून उडी मारून खाली खड्डा पाडतं.

आणि वळणावरची ‘शॉर्टकट’ वाट! दहा पावलं वाचवण्यासाठी दोन वळणांच्या मधला उतार कुणीतरी सरळ उतरतो. त्याच्या मागून पन्नास जण. पुढच्या जूनमध्ये वरच्या वळणाचं सगळं पाणी त्या घळीतून खालच्या वळणावर कोसळतं आणि चांगली वाट तिथून खचते. चिखल टाळायला कडेच्या गवतावरून चालणारेही तेच करतात. एका वाटेच्या तीन होतात आणि तिन्ही चिखलाच्या. बूट भरले तर भरू द्यावेत. पावसात ते कोरडे राहणार नाहीतच.

लोक चुकतात ते बहुधा चढावर नव्हे, पदरात आणि पठारावर. चढावर दोन्हीकडे उतार किंवा झाडी, वाट एकच. सपाटीवर सगळीकडून जाता येतं, म्हणून सगळीकडेच वाट आहे असा भास होतो, आणि त्यात धुकं उतरलं की वीस पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही. पदरात पाऊल टाकल्याबरोबर मागे वळून, आपण कुठून बाहेर आलो ती जागा नीट बघून ठेवावी. परतताना वाट जशी दिसणार, तशी ती तेव्हाच दिसते. मोबाइलमधला ट्रॅक, म्हणजे आधी कुणी चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद, सोबत असावा, पण दाट झाडीत आणि अरुंद नाळेत तो बाजूला सरकलेला दिसतो. उन्हाळ्यात नोंदवलेल्या ट्रॅकमधला कोरडा ओढा जुलैत कोरडा नसतो, हेही त्याला माहीत नसतं.

फसवतात त्या ढोरवाटा. त्याही मळलेल्या, कधी माणसांच्या वाटेपेक्षा रुंद. फरक खाली नाही, वर बघायचा. गुराला कमरेच्या उंचीवरची फांदी अडवत नाही, ते मान घालून खालून जातं. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या छाटलेल्या असतात, कोयत्याचा तिरका काप बुंध्याशी दिसतो, जुना असेल तर काळपट. शिवाय ढोरवाट कुठेतरी पाण्याशी किंवा गवतात जाऊन पाच-सहा फाट्यांत विरते. वाट अशी फुटत चालली की पुढे जाऊन खात्री करू नये. शेवटची नक्की खूण होती तिथवर मागे यावं. दगडांच्या लगोऱ्या आणि झाडांवरचे बाण उपयोगी खरे, पण लगोरी हौसेनेही रचली जाते. एकट्या लगोरीवर विश्वास टाकण्याआधी पुढची दिसते का, ते पाहावं. आणि ‘ओढा धरून खाली जाऊ, गाव लागेलच’ ही सह्याद्रीतली सगळ्यात वाईट युक्ती. थरांचा डोंगर असल्याने ओढा कुठेतरी कड्यावरून उडी घेतो. त्याला ते परवडतं.

कारवी या झुडपाबद्दल थोडं सविस्तर. उतारावर डोक्याएवढ्या वाढलेल्या कारवीतून वाट गेली की ती बोगद्यासारखी होते आणि दोन्ही हातांना आयता कठडा मिळतो. धरायची कशी, तर एकच काठी नव्हे, दोन-तीन एकत्र, आणि शक्य तितकी मुळाजवळ. शेंड्याकडे धरली तर ती वाकते आणि आपल्यालाही घेऊन वाकते. सात-आठ वर्षांनी कारवी एकदम फुलते, अख्खा उतार जांभळा होतो, फोटो निघतात. त्या वर्षानंतर बी धरून कारवी मरते. उभी तशीच राहते, पानं गळतात, रंग करडा पडतो, आणि भार टाकला की काडकन मोडते. हाताला पोकळ, हलकी लागली तर ती सोडून द्यावी. मेलेल्या काठ्या वाटेवर आडव्या पडतात, खालून नवी रोपं उगवतात, आणि वर्दळ नसलेली वाट त्याखाली दोन वर्षांत बुजते. मोडलेल्या वाटा बऱ्याचदा अशा मोडतात. त्यासाठी दरड कोसळावी लागत नाही.

पावसाळी दगडांचीही अशीच पारख. काळा, खरखरीत कातळ ओला असला तरी पाय धरतो. हिरवट झाक आली की शेवाळ. त्याहून घसरडी ओली मुळं, त्यांच्यावर पाऊल न टाकता ओलांडावं. घसाऱ्यावर टाच रोवून नाही, सगळा तळवा टेकून, गुडघे वाकवून उतरायचं. दोघांत अंतर ठेवायचं, आणि पायाखालून धोंडा सुटलाच तर लाजेखातर गप्प न राहता ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. शिडी घाटाच्या शिड्यांवर एका वेळी एकच माणूस, आणि भर पावसात तो घाट सरळ विसरावा. अनेकदा तो बंदच केलेला असतो, आणि योग्यच आहे.

ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहू लागला, तर वर जोरात कोसळतोय असं समजावं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर ओलांडू नये. ओढे आखूड आणि उभे, जसे चढतात तसे उतरतात. सर थांबली की बहुतेकदा तास-दोन तासांत वाट मोकळी होते. तेवढ्यासाठी पिशवीत भाकरी-चटणी असते.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक सूत्र दिलं: पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर 600 मीटर चढाईला एक तास. स्कॉटलंडच्या थंडीत ठीक आहे. सह्याद्रीच्या दमट हवेत, पाठीवर तीन-चार लिटर पाणी घेऊन, तासाला 300 मीटर चढ हाच प्रामाणिक आकडा. खांडसपासून सुमारे 800 मीटर चढायचं आहे, म्हणजे पहाटे निघायला हवं.

ऑक्टोबरात सगळ्या खुणा गवतात जातात. गवत कमरेपर्यंत, कुसळं मोज्यांत, पायाखाली काय आहे ते दिसत नाही; तेव्हा डोळ्यांनी नाही, पावलांनी वाट शोधावी लागते, कारण मळलेली जमीन गवताखालीही कठीण लागते. दिवाळीनंतर वाड्यांतली माणसं गवत कापायला येतात. डोक्यावर भारे घेऊन त्यांच्या खेपा सुरू होतात, कडेचं गवत दोन्हीकडे लवतं, आणि आठवड्याभरात मधली तांबडी रेघ पुन्हा दिसू लागते.