कुलवृत्तांताचे कोरे पान : ग्लासगोहून डोनेगलकडे

नातवाच्या बारशानंतर मी आमच्या कुलवृत्तांताची पुरवणी तयार करायला घेतली, तेव्हा सुनेच्या बाजूची कोरी जागा पाहून मलाच संकोच वाटला. आमच्याकडच्या अकरा पिढ्या कोकणातल्या मूळ गावासकट छापलेल्या होत्या आणि तिच्या नावापुढे ‘ग्लासगो’ एवढा एकच शब्द होता. वडिलांकडचे लोक आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यातून आले आणि आईकडचे स्कॉटलंडमधल्या पर्थशायरचे, याहून अधिक तिच्या घरी कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून गेली तीन वर्षे मी पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावर बसून या दोन देशांची दप्तरे चाळते आहे, आणि हे देश एकमेकांचे शेजारी असले तरी त्यांच्या दप्तरांचे स्वभाव किती निराळे आहेत, हे आता मला चांगलेच कळले आहे. स्कॉटलंडमध्ये माणूस नावावरून सापडतो. आयर्लंडमध्ये गाव ठाऊक नसेल तर नावाचा काही उपयोग होत नाही. म्हणून आयरिश घराण्यातले कोणी स्कॉटलंडमध्ये येऊन राहिले असेल, तर आयर्लंडचा शोधही स्कॉटलंडमधूनच सुरू करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

याचे कारण स्कॉटलंडच्या दाखल्यांत आहे. तेथे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली आणि मृत्यूच्या नोंदीतसुद्धा मयताच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, लिहिण्याची पद्धत पहिल्यापासून ठेवली गेली. ऐंशी वर्षांची म्हातारी ग्लासगोत वारली, तरी तिच्या दाखल्यावर तिच्या आयर्लंडमधल्या आईचे माहेर येते, अर्थात नोंद द्यायला गेलेल्या मुलाला ते आठवले असेल तर. जन्माच्या दाखल्यावर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाणही असते. हा रकाना १८५५ मध्ये होता, पुढची पाच वर्षे गाळला गेला आणि १८६१ पासून पुन्हा आला. आमचे काम याच रकान्याने झाले. व्याहीबुवांच्या आजोबांचा जन्म १८८४ मध्ये ग्लासगोत झाला आणि त्यांच्या दाखल्यावर आईवडिलांचे लग्न १८७९ मध्ये डोनेगलमध्ये झाल्याचे, गावाच्या नावासकट, लिहिलेले होते. त्याआधी जनगणनेच्या वह्यांत त्याच जोडप्याच्या जन्मस्थानापुढे नुसते ‘आयर्लंड’ वाचून मी दोन महिने डोके धरून बसले होते.

हे सारे दाखले ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. सूची फुकट शोधता येते, पण दाखल्याची प्रतिमा उघडायला पैसे पडतात; त्यामुळे उघडण्यापूर्वी वय, पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर) आणि आईचे आडनाव जुळते का, हे नीट पाहून घ्यावे. मी सुरुवातीला अधीरपणाने नावसाधर्म्यावर सात-आठ भलतीच माणसे विकत घेतली. १८४१ ते १९२१ या काळातल्या दर दहा वर्षांच्या जनगणनाही तेथेच मिळतात.

१८५५ च्या मागे गेले की चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशच्या जुन्या वह्या लागतात. त्यांतली सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्याच एरॉल या गावची, १५५३ पासूनची आहे, हे कळल्यावर विहीणबाई फार खूश झाल्या. पण त्यांचे पूर्वज त्या पॅरिशचे नव्हते आणि त्यांच्या पॅरिशच्या वहीत मधली वर्षेच्या वर्षे कोरी आहेत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, त्यामुळे गरिबांनी नोंदी करणेच टाळले. अशा वेळी त्या चर्चच्या पंचमंडळाची, म्हणजे ‘कर्क सेशन’ची, इतिवृत्ते उपयोगी पडतात. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना आणि संबंधित तरुणांना त्या पंचांपुढे उभे केले जाई आणि त्यांचे जबाब तपशीलवार लिहून घेतले जात. विहीणबाईंच्या एका पूर्वजाच्या बाप्तिस्म्याची नोंद नाही, पण त्याच्या आईवडिलांना झालेल्या दंडाची आहे. विहीणबाईंनी आधी ते पान कुलवृत्तांतात घेऊ नका म्हटले आणि दोन दिवसांनी स्वतःच पाठवून दिले.

आयर्लंडकडे वळताना प्रत्येकाला एक तारीख ऐकावी लागते : ३० जून १९२२. यादवी युद्धात डब्लिनमधल्या ‘फोर कोर्ट्स’ या इमारतसमूहात स्फोट आणि आग होऊन तेथले सार्वजनिक दप्तर जळाले. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला. चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या, निम्म्याहून अधिक पॅरिशच्या वह्याही गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचा दोष मात्र आगीकडे जात नाही. त्यांपैकी पहिल्या दोन सरकारनेच नष्ट केल्या आणि पुढच्या दोन पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी दिल्या. म्हणून आगीपूर्वीच्या जनगणनांपैकी १९०१ आणि १९११ याच पूर्ण हाती उरतात. आयर्लंडच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने त्या फुकट उपलब्ध केल्या आहेत आणि त्यांत कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला तक्ता पाहायला मिळतो.

‘सगळे जळाले’ असे म्हणून हात टेकणारे पुष्कळ भेटतात, पण ते खरे नाही. सरकारी जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी १८६४ पासूनच्या (कॅथलिकेतर विवाहांच्या १८४५ पासूनच्या) शाबूत आहेत आणि जुन्या नोंदींच्या प्रतिमा ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसतात. कॅथलिक पॅरिशच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्याच. त्यांची सूक्ष्मचित्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये खुली केली. आपल्या सातबाराची आठवण करून देणारे ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ १८४७ ते १८६४ या काळात छापले गेले आणि त्यात कोणत्या वाडीत कोणते कूळ कोणत्या जमीनदाराची किती जमीन कसत होते, हे दिलेले आहे.

वाडी हा शब्द मी मुद्दाम वापरला. आयर्लंडमध्ये ज्याला ‘टाउनलँड’ म्हणतात, त्याला आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द तोच. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत, एकेक नाव अनेकदा येते आणि स्पेलिंग प्रत्येक कारकुनाच्या कानाप्रमाणे बदलते. त्यातच सरकारी पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांच्या हद्दी वेगळ्या, कित्येकदा नावेही वेगळी. डोनेगलमध्ये गॅलाघर किंवा बॉइल आडनावाची इतकी घरे आहेत की वाडी हाती नसताना शोधणे म्हणजे देवरुखात जोशी शोधण्यासारखे आहे. मी एकदा इंटरनेटवरच्या एका तयार वंशवृक्षावर विसंबून शेजारच्या पॅरिशमधले तद्दन परके कुटुंब चार पिढ्या मागे नेऊन ठेवले होते. ते सगळे खोडावे लागले.

१८७९ च्या विवाहनोंदीत वधूची वाडी मिळाली. त्या काळच्या आयरिश विवाहनोंदीत फक्त वडिलांची नावे असतात, आयांची नसतात. वधूच्या आईचे नाव आम्हांला मिळाले ते वधू पुढे ग्लासगोत वारली तेव्हाच्या स्कॉटिश दाखल्यावरून. त्या नावाने ही खापरखापरपणजी १९०१ च्या जनगणनेत त्याच वाडीत सापडली : वय ५६, विधवा, भाषा आयरिश आणि इंग्रजी, सहीच्या जागी फुली. १९११ मध्ये तिचे वय ७३. दहा वर्षांत सतरा वर्षांनी वाढलेली ही बाई पाहून सून खूप हसली, आणि मीही जाणकाराच्या थाटात तिला कारण सांगितले की १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्यांना पुढच्या जानेवारीपासून पेन्शन सुरू झाले आणि आयर्लंडभर माणसे रातोरात म्हातारी झाली.

पण त्या पेन्शनमुळेच एक अनमोल दप्तर निर्माण झाले. १९०९ मध्ये सत्तरीच्या असणाऱ्यांचा जन्म सरकारी नोंदणीच्या आधीचा, म्हणजे दाखला नाही. तेव्हा त्यांचे वय १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत शोधले जाई. त्या जनगणना पुढे जळाल्या, पण शोधाचे फॉर्म राहिले आणि तेही राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर आहेत. तिच्या फॉर्मवर वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव, वाडी आणि पॅरिश अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिलेली आहेत. खाली वेगळ्या हस्ताक्षरात १८५१ च्या वहीतला उतारा आहे आणि त्यात तिचे वय १३ आहे. म्हणजे १९११ चे वय बरोबर होते, १९०१ चेच चुकले होते. मी सुनेपुढे झाडलेले पांडित्य मला परत घ्यावे लागले. शोध निष्फळ ठरला असला, तरीही असा फॉर्म सोडू नये, कारण अर्जदाराने सांगितलेली नावे त्यावर असतातच.

ग्लासगोत आयरिश पूर्वज असणाऱ्यांनी मिचेल लायब्ररीतल्या शहर-दप्तरखान्यात गरीब-साहाय्याचे अर्ज पाहावेत. १८५१ ते १९४८ या काळातले दहा लाखांहून अधिक अर्ज तेथे आहेत. मदतीचा बोजा कोणत्या पॅरिशने उचलायचा हे ठरवण्यासाठी निरीक्षक अर्जदाराचा जन्म कोठे झाला, तो कोठे कोठे राहिला, हे खोदून विचारत असे. सून एका शनिवारी स्वतः गेली आणि डोनेगलहून आलेल्या त्या वधूचा वैधव्यानंतरचा अर्ज तिला मिळाला. खोलीचे भाडे, मुलांची वये आणि शेवटी डोनेगलमधल्या त्या वाडीचे नाव; स्पेलिंग अर्थात चौथेच.

आता अडले आहे ते एका पिढीवर. त्या कॅथलिक पॅरिशची उपलब्ध वही खापरखापरपणजीच्या जन्मानंतर सुरू होते, त्यामुळे फॉर्मवरच्या आईवडिलांच्या मागे जायला चर्चची नोंद नाही. १८२३ ते १८३७ या काळातल्या, चर्च ऑफ आयर्लंडला द्याव्या लागणाऱ्या कराच्या दशमांश-वह्यांत त्या वाडीवर वडिलांच्या नावाची दोन कुळे दिसतात, आणि त्यांपैकी तिचे वडील कोणते हे मला अजून ठरवता आलेले नाही. कुलवृत्तांतात मी दोन्ही नावे प्रश्नचिन्हासह लिहिली आहेत.