टपालाचे १२, वर्गणीचे ३८

आषाढात आमच्या वेंगुर्ल्यात मिठाचं पाणी होतं, तिथे टपालाच्या तिकिटांमागचा गोंद कुठला टिकायला! जरा उघडीप दिसली की मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतो आणि तिकिटांच्या वहीची पानं वाऱ्यावर धरतो. बायको म्हणते, "ह्या कागदांका इतको जपतास, माका ताप इलो तेव्हा कपाळाक हात तरी लावलास?" लावला होता. असो.

पेटीतली निम्मी तिकिटं बोटीवरच्या मामाने हॅम्बुर्गहून आणलेली. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. स्वस्त मिळाली म्हणून लिफाफाभर उचलली.

माझं आवडतं रॉबर्ट कॉखचं, क्षयाचे जंतू शोधणाऱ्या जर्मन डॉक्टरचं. जानेवारी १९४४ मध्ये काढलेलं. किंमत १२ + ३८ फेनिग, म्हणजे जर्मन पैसे. म्हणजे टपालाचे १२ आणि वर्गणीचे ३८! अशा तिकिटांची वर्गणी बहुधा हिटलरच्या सांस्कृतिक निधीत जाई. आमच्या वाडीतल्या गणपतीवाल्यांना अजून ही युक्ती सुचलेली नाही, हे बरंच आहे. बर्लिनमध्ये छापलेल्या, पण कधीच वापरात न आलेल्या आझाद हिंदच्या तिकिटांतही एक १ + २ रुपयांचं आहे. तिथे वर्गणी टपालाच्या दुप्पट.

 हा कॉख प्लेगच्या साथीत, १८९७ मध्ये, मुंबईला येऊन गेलेला. आधीच्या तिकिटांवर नुसतं 'जर्मन राइश', म्हणजे साम्राज्य; कॉखवर 'महाजर्मन राइश'. फौजा मागे हटत होत्या आणि नाव तेवढं फुगलं.

कॉखचं मात्र मी वाटोळं केलं. दोन वर्षांपूर्वी साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं, श्रावणात काढायला गेलो तर घट्ट चिकटलेलं. पाण्यात सोडवलं. तिकीट वाचलं, गोंद गेला, आणि गोंदाबरोबर किंमतही. आता प्रत्येक पानामागे बटरपेपर, आणि वही उभीच ठेवायची.

मार्च १९४३ च्या जर्मन सैनिकांच्या १२ तिकिटांपैकी माझ्याकडे ११ आहेत. रणगाडा आहे, छत्रीधारी सैनिक आहेत. बोटीवरच्या मामाच्या लिफाफ्यात नेमकी पाणबुडी नव्हती. ३ + २ चं, संचातलं सगळ्यात कमी किमतीचं तिकीट. मी विचारलेल्यांपैकी ते सुटं द्यायला एकही विक्रेता तयार नाही. म्हणतात, पूर्ण संच घ्या.