तुम्ही विचारलंत म्हणून : फ्लेक्स असताना लिनो कशाला?

मी मुद्राचित्रण, म्हणजे ठशावरून चित्र छापण्याची कला, शिकवतो आणि रस्त्यावरच्या भिंतींसाठी पोस्टरे छापतो, असे सांगितले की समोरच्याचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : फ्लेक्स एका रात्रीत हव्या त्या रंगात छापून मिळतो, मग लिनो, म्हणजे लिनोलियमचा मऊ तुकडा, ठशासाठी हाताने कोरत बसण्याचा खटाटोप कशासाठी? विद्यार्थ्यांचे पालक हाच प्रश्न जरा काळजीने विचारतात, कारण त्यांच्या प्रश्नाच्या पोटात पोटाचाच दुसरा प्रश्न दडलेला असतो. त्याचे उत्तर आधी देतो. पोस्टरांवर माझे घर कधीच चालले नाही. ते शिकवण्यावर चालते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोरायला बसल्यावरच नीट कळते. लिनोवर जे कोरून काढाल ते कोरे राहते आणि जे शिल्लक ठेवाल त्यालाच शाई लागते. शिवाय छापताना सगळे उलटे होत असल्यामुळे अक्षरे आरशातल्यासारखी लिहावी लागतात. देवनागरीत तर परीक्षाच असते. उभा दंड उजवीकडचा डावीकडे जातो, ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पटाशीच्या एका चुकार फटकाऱ्याने उडाली की ‘बस’चे ‘वस’ होते आणि एकटा उभा असलेला अनुस्वार तर हमखास निसटतो. त्यामुळे दुसऱ्या पोस्टरापासून विद्यार्थी आपणहून शब्द कमी करू लागतो, अक्षर जाड करतो आणि धावत्या बसमधून काय वाचता येईल याचा विचार करतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पन्नास चेहरे मावतात, कारण एक चेहरा वाढवायला कुणाच्याच हाताला कष्ट पडत नाहीत. लिनोवर प्रत्येक रेघेची किंमत मनगट मोजते, म्हणून काय गाळायचे हे तिथे जितके लवकर कळते तितके मी व्याख्यानातून कधीच शिकवू शकलो नाही.

या पेशातला माझा आदर्श मेक्सिकोचा होसे ग्वादालुपे पोसादा. १८५२ साली जन्मलेला हा माणूस लेओन शहरातल्या शाळेत शिळाछापाचे, म्हणजे दगडावर रेखाटून छापण्याचे, काम शिकवत असे. १८८८च्या महापुरानंतर तो मेक्सिको सिटीत गेला आणि आंतोनियो वानेगास आरोयो या प्रकाशकासाठी स्वस्त पत्रके चितारू लागला. खून, फाशी, नवसाला पावलेले संत आणि मृतांच्या सणासाठी टोपी घालून मिरवणारे सांगाडे, हे सारे रस्त्यावर विकले जाई. पुढे थोर भित्तिचित्रकार झालेल्या ओरोस्कोने लिहून ठेवले आहे की, शाळेत जाता-येता तो पोसादाच्या दुकानाच्या खिडकीशी थांबून त्याचे काम पाहत असे. शाळेतली नोकरी मागे सोडलेल्या शिक्षकाला याहून चांगला वर्ग मिळाला नसता. १९१३ साली पोसादा गरिबीतच वारला. पालकांना मी हेही लपवत नाही.

पण पोसादा हळू कामाचा भक्त नव्हता. धातूवर कोरणे वेळखाऊ वाटू लागले, तेव्हा त्याने जस्ताच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने थेट रेखाटून उरलेला भाग आम्लाने खाववण्याची पद्धत उचलली. आज असता तर तो सर्वांआधी फ्लेक्सच्या दुकानात गेला असता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मात्र तोवर दगडाने आणि धातूने त्याच्या हाताला गाळायची सवय लावलेली होती, आणि मला मुलांना द्यायची आहे ती तेवढीच सवय.

भिंतीचा व्यवहार साधा आहे. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५चा कायदा असल्यामुळे आम्ही मालकाची लेखी परवानगी घेतो, मैद्याच्या खळीत किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालतो आणि पातळ कागद वरून खाली दाबत चिकटवतो. पहिल्या पावसात तो जातो. कलादालनासाठी मोजक्याच प्रती काढून त्यांवर क्रमांक घालतात, भिंतीवरच्या प्रतींवर मी घालत नाही. लिनो शेकडो ठसे सहज देतो, त्यांची संख्या बाजारासाठी आवळावी हे मला पटलेले नाही.

माझे काही विद्यार्थी आता फ्लेक्सच्याच दुकानांत मांडणी करतात. गिऱ्हाईक ‘आणखी दोन फोटो टाका’ म्हणाले की ते निमूटपणे टाकतात, पण समोरच्या फुटपाथवरून नाव वाचता येईल एवढी मोकळी जागा राखल्याशिवाय फाइल छपाईला सोडत नाहीत.