व्हीटी ९८ (१:८७): फ्रॉगवर अडणारं घोडं अखेर पुढे सरकलं

व्हीटी ९८ या जर्मन रेलबसचं (डब्यातच इंजिन असलेल्या हलक्या रेल्वेगाडीचं) १:८७ मॉडेल बनवतोय, त्याची ही पुढची हकीकत. मागच्या अपडेटमध्ये गाडी इन्सुलेटेड फ्रॉगच्या पॉइंटवर (सांध्यात जिथे रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज नसलेल्या तुकड्यावर) हळू वेगात हटकून मरत होती. आता वेग नियंत्रकाच्या पहिल्या टप्प्यावरसुद्धा दोन्ही मार्गांनी न थांबता पार होते. रॉकर अॅक्सल (डावीकडे-उजवीकडे डोलू शकणारा अॅक्सल) आधीपासून होताच. दोष निघाला पिकअप वायपरमध्ये, म्हणजे चाकाला टेकून रुळातली वीज मोटरकडे नेणाऱ्या तारेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. उर्डिंगनच्या वॅगन कारखान्याने १९५० साली रेलबसचे नमुने काढले, तेव्हा बहुतेकांचा व्हीलबेस (दोन अॅक्सलमधलं अंतर) ४.५ मीटर होता, कारण नियमांत ताठ व्हीलबेसची मर्यादा तेवढीच होती. मालिका उत्पादनासाठी खास परवानगी घेऊन तो ६ मीटर केला. आपल्या प्रमाणात ६ मीटर म्हणजे ६९ मिमी, आणि हे एवढ्या चारच चाकांवर! चॅसिस ताठ असेल तर एका वेळी खात्रीने तीनच चाकं रुळावर टेकतात. एक चाक फ्रॉगच्या मेलेल्या तुकड्यावर असताना त्याच बाजूचं दुसरं चाक ०.१ मिमी जरी उचललेलं असेल, तर वीज गेलीच. बोगीच्या (खाली फिरत्या, अनेक चाकांच्या गाड्यांवर बसलेल्या) गाडीला हे दुखणं फारसं जाणवत नाही. दोन अॅक्सलच्या गाडीला मात्र तिसरा आधार नसतो.

म्हणून मोटर नसलेला अॅक्सल रॉकरवर आहे: मधोमध लांबीच्या दिशेने १.५ मिमी पितळी दांडी, ती १.६ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत, आणि चाकापाशी वरखाली ०.४ मिमी चाल. तरीही गाडी थांबत होती, कारण वायपर चॅसिसला डकवलेले होते आणि चाकाच्या ट्रेडवर (रुळावर टेकणाऱ्या कडेवर) वरून दाबत होते. हिशेब मांडला की सगळं उघड होतं. फॉस्फर ब्राँझची ०.३ मिमी तार, मोकळी लांबी १० मिमी, १ मिमी वाकवली की दाब सुमारे १३ ग्रॅम. गाडीचं वजन ८५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक चाकावर जेमतेम २१ ग्रॅम. डाव्या-उजव्या वायपरच्या वाकण्यात अर्ध्या मिमीचा फरक असला तरी ६-७ ग्रॅमचा असमतोल होतो, आणि रॉकर एका अंगाला झुकूनच राहतो. रॉकर आहे, पण डोलत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करावेत. एक, वायपर रॉकरवरच बसवायचे, म्हणजे ते अॅक्सलबरोबर हलतात आणि चॅसिसला ढकलत नाहीत. रॉकरवर ०.८ मिमी कॉपर-क्लॅड (तांब्याचा थर असलेली) पट्टी चिकटवून त्यावर झाळा, आणि तिथून चॅसिसपर्यंत अगदी मऊ, बारीक धाग्यांची वायर सैल वेटोळं ठेवून न्या. ताठ वायर वापरलीत तर तीच नवा वायपर होऊन बसेल. दोन, तार ०.२ मिमी आणि लांबी १५ मिमी घ्या. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात आणि लांबीच्या घनात बदलतो, त्यामुळे तोच १ मिमीचा वाक आता १ ग्रॅमपेक्षाही कमी दाब देतो. झाळताना तार तापून मऊ पडू नये म्हणून टोकापासून ३ मिमीवर चिमट्याने धरा. बॅक-टू-बॅक (दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर) १४.४ मिमी आहे ना, हे रॉकर जुळवल्यावर पुन्हा तपासा. तयार कापलेल्या ब्राँझ पट्ट्या मिळतात, पण माझं मत तारेच्याच बाजूने आहे: पट्टी आडव्या दिशेत फार ताठ असते.

गिअरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. खऱ्या गाडीचा कमाल वेग ताशी ९० किमी, म्हणजे मॉडेलवर सेकंदाला २८७ मिमी. चाक १०.३ मिमीचं, तेव्हा मिनिटाला साधारण ५३० फेरे. १:२४ च्या वर्मला (स्क्रूसारख्या गिअरला) मोटर मिनिटाला १२,७०० च्या आसपास फेरे घेते, कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरला ते आरामात झेपतं. मात्र मोड्यूल (दात्यांच्या आकाराचं माप) ०.३ च घ्या. ०.४ मध्ये २४ दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास १०.४ मिमी होतो, म्हणजे तो थेट रुळाच्या माथ्याच्या पातळीवर येतो आणि लेव्हल क्रॉसिंगच्या फळ्यांवर घासतो. ०.३ मध्ये ७.८ मिमी होतो, खाली सव्वा मिमी जागा उरते.

मोटर फरशीखाली गेल्याचं सुख खिडकीतून दिसतं. पुढच्या काचेतून थेट मागच्या काचेपर्यंत आरपार नजर जाते. बुसिंग कंपनीची इंजिनं फरशीखाली असल्यामुळे खरी गाडीही अशीच मोकळी होती. आसनांच्या पाठी उलटवता येत, म्हणून ०.२५ मिमी स्टायरीनच्या पाठी सगळ्या एकाच टोकाकडे तोंड करून चिकटवल्या आहेत.

खऱ्या व्हीटी ९८ मध्ये १५० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती, प्रत्येक अॅक्सलला एक. तिच्या आधीच्या व्हीटी ९५ ला एकच. त्यामुळे दुसरा अॅक्सलही चालवावा असा बेत होता, आणि मोकळ्या इंजिन-पेटीत कीप-अलाइव्ह कपॅसिटर (वीज क्षणभर गेली तरी मोटर चालू ठेवणारा). हे लिहिता लिहिताच तो बेत बदलतोय. व्हीटी ९८ ला नेहमीचे बफर आणि स्क्रू कपलिंग असल्याने ती व्हीबी ९८ हा बिनइंजिनाचा जोडडबा ओढत असे. मग व्हीबीच्या चार चाकांवरून दोन तारांच्या ड्रॉबारने (गाडी आणि डबा जोडणाऱ्या दांडीने) वीज घेतली तर पिकअप आठ चाकांवर जातो. कपॅसिटरची गरजच उरणार नाही, आणि मोटरने चालणारा रॉकर करण्याची कटकटही टळेल.

अडचण फक्त ड्रॉबारच्या लांबीची. ३६० मिमी त्रिज्येत गाडीचं टोक सुमारे ७ मिमी बाहेर जातं. एस-वळणात दोन टोकं एकमेकांपासून १४ मिमी सरकतात, तेव्हा आखूड ड्रॉबार डब्याला रुळावरून उचलेल. मध्ये १६० मिमी सरळ तुकडा टाकला की प्रश्न मिटतो. पण ज्यांच्या यार्डात तेवढी जागा नाही त्यांनी मार्गदर्शक खाच असलेलं क्लोज कपलिंगच (वळणात आपोआप लांबणारी जोडणी) घ्यावं आणि तारा वेगळ्या सैल सोडाव्यात.

रंग आर.ए.एल. ३००४ (रंगांच्या प्रमाणित क्रमवारीतला क्रमांक). हॉबीच्या बाटलीतला "मरून" जास्त तपकिरी पडतो. औद्योगिक रंगाच्या दुकानात क्रमांक सांगून मिसळून घेणं बरं. फक्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्टायरीन विरघळवतो, तेव्हा आधी प्लॅस्टिक प्रायमरचे दोन पातळ हात द्या आणि रात्रभर सुकू द्या. रंगाचं काम व्हीबीची वायरिंग झाल्यावर. ड्रॉबारच्या तारा लावण्याआधी व्हीबीच्या दोन्ही अॅक्सलची इन्सुलेटेड चाकं एकाच बाजूला आहेत ना ते मल्टिमीटरने बघून घ्या, नाहीतर रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट.