चवथीआधीची तळमळ

सुनेनं फोनवर सांगितलं, "डॉक्टर, आई कालपासून नुसत्या तळमळतात. गणपतीची चवथ तोंडावर आली आणि भावोजी बोटीवर. त्यांचीच ओढ लागलीय. झोपेचं काहीतरी द्या."

घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. सून दोडामार्गची, मराठी बोलणारी. सासूबाई कोकणी बोलतात. त्यांचा स्तनाचा कर्करोग काखेतल्या नसांच्या जाळ्यापर्यंत पोचलेला. चार-चार तासांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी आणि रात्री अमिट्रिप्टिलीन २५ मिलिग्रॅम चालू होतं. ही दुसरी गोळी सुरू झाली ती त्यांच्या एका शब्दावरून. हात कसा दुखतो, या प्रश्नावर त्या म्हणाल्या होत्या, "दूख ना, उजो." उजो म्हणजे आग. आग, चमक, मुंग्या, करंट हे शब्द आले की दुखणं बहुधा नसेचं असतं आणि एकट्या मॉर्फिननं ते पुरतं आटोक्यात येत नाही. ठणका सुजेचा, पुवाचा, कधी हाडाचा. कळ येते, चढते, ओसरते. तिथे आतडं किंवा मूत्रनलिका तपासायची. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत. आपल्याकडची ही वर्गवारी घराघरात तोंडी चालत आली आहे, फक्त ती रुग्णाच्या तोंडून यायला हवी. "आग होते का?" असं विचारलं की दमलेलं माणूस हो म्हणून मोकळं होतं. "कसं दुखतं?" एवढंच विचारावं आणि गप्प बसावं.

तळमळ हा शब्द मात्र फसवा. त्यात मन आणि शरीर दोन्ही मावतात, आणि घरच्यांना मनाचं कारण आधी दिसतं. ओढ कुणाची तरी, कशाची तरी असते; विचारलं तर उत्तर मिळतं. हुरहूर लागलेल्या माणसाला ते उत्तर देता येत नाही, पण ते एका जागी बसू शकतं. तळमळणारा कूस बदलत राहतो. तिथे आधी पाहायची ती लघवी, मग शौच, मग श्वास, मग गोळ्या. मळमळीवर देतात त्या मेटोक्लोप्रमाइड किंवा हॅलोपेरिडॉलनंही माणसाला क्षणभर एका जागी राहवत नाही.

मी पोचलो तेव्हा काकी या कुशीवरून त्या कुशीवर होत होत्या. "काकी, दुखतं का?" त्यांनी मान हलवली, नाही. पण हात पुन्हा पुन्हा ओटीपोटाकडे जात होता. लघवी होते का, विचारल्यावर सून म्हणाली, "होते थोडी थोडी, चादर ओली होते." हीच खूण निसटते. मूत्राशय तुडुंब भरलं की वरचं थेंब थेंब गळतं आणि घरच्यांना वाटतं, होतेय की. बेंबीच्या खाली हाताला घट्ट गोळा लागला, बोटानं ठोकल्यावर आवाज बद्द. शौच पाच दिवस नव्हतं. पोटात अन्नच जात नाही तर शौच कुठून होणार, म्हणून जुलाबाची गोळी घरच्यांनी थांबवली होती. मॉर्फिन चालू असताना ती थांबवायची नसते. खाणं कमी असलं तरी नाही.

कर्करोग मणक्यात उतरून नस दाबली गेली तरी लघवी अडते, आणि तसं असेल तर रुग्णाला त्याच दिवशी इस्पितळात हलवावं लागतं. म्हणून पाय उचलायला लावले, मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना पाहिली, पाठीचा मणका ठोकून पाहिला. तिन्ही ठीक. १४ नंबरचा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला, पिशवीत ९०० मिलिलिटर आले. ती अर्धी भरते तोवरच कूस बदलणं थांबलं होतं. आधी लोराझेपामसारखं गुंगीचं औषध दिलं असतं तर मूत्राशय भरत राहिलं असतं आणि त्यांना ते सांगण्याइतकीही शुद्ध राहिली नसती.

अमिट्रिप्टिलीन बंद केलं. लघवी अडवण्यात त्याचा हात मोठा, मॉर्फिन आणि खडा झालेलं शौच ही त्याची भर. मॉर्फिन तसंच ठेवलं. नसेच्या आगीसाठी रात्री गॅबापेन्टिन १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. तेवढ्यानं आग लगेच थांबत नाही, काही दिवसांनी डोस चढवावा लागतो, हे सुनेला सांगून ठेवलं. त्याच दिवशी एनिमा दिला आणि जुलाबाची गोळी, बिसाकोडिल, पुन्हा चालू केली.

जाग आल्यावर काकींनी विचारलं, "तो केन्ना येतलो?" तो कधी येणार? ओढ होतीच; सुनेचं ते ऐकणं खरं होतं. मुलगा चवथीला येऊ शकणार नव्हता, आणि घरात कुणी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं नव्हतं. थोरल्यानं ते माझ्यासमोर सांगितलं. काकी रडल्या. मग त्यांनीच विचारलं, माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधताना त्याला फोनवर दाखवता येईल का. बोटीवरच्या ड्यूटीच्या वेळा मागवून फोनची वेळ ठरवली, आणि ती मॉर्फिनच्या गोळीनंतर तासाभरानं येईल अशी बसवली, म्हणजे बोलताना हाताची आग कमीत कमी राहील.

शौच साफ झाल्यावर तीन दिवसांनी कॅथेटर काढला. दुपारपर्यंत लघवी आपोआप झाली.